१२ चा ब्रेक, पाच मिनिटं आणि गप्प राहिलेला रेफरी

२००५ ची वर्ल्ड स्नूकर चॅम्पियनशिप, शेफील्डचं क्रूसिबल थिएटर, क्वार्टर फायनल. टेबलावर पीटर एब्डन आहे. फिरतोय, वाकतोय, परत उभा राहतोय, परत दुसऱ्या बाजूला जाऊन अँगल बघतोय. आणि खुर्चीत बसलेला रॉनी ओ'सुलिव्हन, आदल्या वर्षीचा चॅम्पियन, मागे वळून प्रेक्षकांमधल्या एकाला विचारतो की किती वाजले. ज्यांनी हे बघितलंय ते विसरलेले नाहीत, आणि स्नूकर बघणाऱ्या दोन माणसांना एकत्र बसवून हा विषय काढला तर आजही भांडण होतं.

या मॅचवर सविस्तर लिहायचं खूप दिवस मनात होतं. पूल असो नाहीतर स्नूकर, रेफरीवरून वाद म्हटलं की आपण फाउलबद्दल बोलतो, व्हाइट (क्यूने मारायचा पांढरा बॉल) आधी कुठल्या बॉलला लागला, डबल हिट झाला का, पुश होता का. ते वाद निदान स्लो मोशनमध्ये चार वेळा बघून मिटतात तरी. इथे मिटवायला काही नाहीच, कारण रेफरीने चुकीचं काही सांगितलं नाही, एब्डन एवढा वेळ लावत असताना रेफरी काही बोललाच नाही, आणि वीस वर्षं होऊन गेली तरी लोक त्या न बोलण्यावरच भांडतायत.

आधी मॅच काय होती ते. बेस्ट ऑफ २५, म्हणजे १३ फ्रेम (फ्रेम म्हणजे एक डाव) जो आधी जिंकेल तो. रॉनी तेव्हा दोनदा वर्ल्ड चॅम्पियन झालेला, २००१ आणि २००४, आणि २००४ ची फायनल त्याने ग्रॅम डॉटविरुद्ध १८-८ अशी मारली होती. एब्डन पण कोणी साधा माणूस नव्हे, २००२ चा चॅम्पियन, स्टीफन हेंड्रीला फायनलमध्ये १८-१७ ने हरवलेला, म्हणजे शेवटच्या फ्रेमपर्यंत डोकं शांत ठेवून. या मॅचमध्ये रॉनी ८-२ पुढे होता. दोन सेशन, म्हणजे दोन बैठका, संपल्या तेव्हा १०-६. आता तीनच फ्रेम हव्या होत्या. शेवटच्या सेशनमध्ये एब्डनने सात घेतल्या आणि रॉनीला मिळाली एक. १३-११. ८-२ नंतरच्या चौदा फ्रेममधल्या अकरा एब्डनच्या.

आता तो ब्रेक, म्हणजे टेबलावर आल्यावर एका पाळीत सलग केलेले पॉइंट. १२ चा. ज्यांना स्नूकर फारसं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, लाल बॉलचा एक पॉइंट, मग रंगीत बॉल, परत लाल, परत रंगीत, असं चालतं, त्यामुळे १२ व्हायला साधारण चार-सहा बॉल पॉट करावे, म्हणजे पॉकेटात घालावे लागतात. तेवढ्याला एब्डनने पाच मिनिटांहून जास्त वेळ घेतला. याच क्रूसिबलवर १९९७ मध्ये याच रॉनीने १४७ चा मॅक्सिमम, म्हणजे साधारणपणे एका ब्रेकमध्ये होऊ शकणारे सगळ्यात जास्त पॉइंट, मारला होता, आणि त्याची नोंद झालेली वेळ होती ५ मिनिटं २० सेकंद (नंतर परत मोजणाऱ्यांनी ती अजून कमी भरते असं दाखवलं). १४७ म्हणजे ३६ बॉल. एकाला नऊ सेकंदसुद्धा नाहीत. म्हणजे जेवढ्या वेळात एकाने पूर्ण टेबल साफ केलं होतं जवळपास तेवढ्याच वेळात दुसऱ्याने बारा पॉइंट केले, आणि पहिला माणूस समोर खुर्चीत बसून ते बघत होता. ही तुलना पेपरवाल्यांनी लगेच उचलली आणि ती कायमची चिकटली.

पण ही तुलना रेफरीच्या काही कामाची नाही, हे मला पहिल्यांदा सांगायचंय. रॉनी जगातल्या सगळ्यात वेगात खेळणाऱ्यांपैकी एक, त्याच्या घड्याळाने दुसऱ्याला मोजलं तर सगळेच हळू ठरतील. रेफरीने बघायचं ते रूलबुक. त्यात काय आहे?

स्नूकरच्या नियमात खेळाडूच्या वागणुकीचा एक भाग आहे. त्यात एकापाठोपाठ एक गोष्टी येतात. पहिली अशी की खेळाडूने शॉट खेळायला किंवा कुठला शॉट खेळायचा ते ठरवायला अवाजवी वेळ घेणं. दुसरी, रेफरीच्या मते मुद्दाम किंवा वारंवार अनफेअर वागणं. मग सभ्यपणा सोडून वागणं, फ्रेम पुढे खेळायला नकार देणं वगैरे. यातलं काही झालं तर रेफरीने खेळाडूला वॉर्निंग द्यायची की परत असं झालं तर फ्रेम समोरच्याला जाईल. किंवा थेट फ्रेम द्यायची. किंवा प्रकरण फारच गंभीर असेल तर अख्खी मॅच.

हे नीट वाचलं तर एक गोष्ट लगेच दिसते आणि ती बहुतेक चर्चांमध्ये येतच नाही. 'मुद्दाम' हा शब्द दुसऱ्या कलमात आहे. वेळेच्या कलमात तो नाही. तिथे फक्त अवाजवी वेळ, बास. आणि त्या मॅचनंतर सगळा वाद कशावर झाला तर एब्डनने मुद्दाम केलं का यावर! एब्डन म्हणाला मुद्दाम नव्हतं. त्याच्या बाजूचे म्हणाले, तो असाच खेळतो, बॉल नीट जात नव्हते, स्वतःला सावरत होता. विरुद्ध बाजूचे म्हणाले, रॉनीची लय तोडायची हाच प्लॅन होता, रॉनी कंटाळला की सुटतो हे सगळ्या टूरला माहिती आहे. दोघंही माणसाच्या मनात काय होतं यावर बोलतायत, आणि नियम मनाबद्दल विचारतच नाही. नियमाने विचारलेला प्रश्न फक्त एवढा की हा वेळ अवाजवी होता का, आणि १२ च्या ब्रेकला पाच मिनिटं यावर माझं उत्तर हो असंच आहे.

मग रेफरीने वॉर्निंग का नाही दिली? आता मला त्या रेफरीच्या जागी उभं राहून बघायचंय, कारण टीव्हीसमोर बसून बोलणं सोपं असतं.

पहिली अडचण, 'अवाजवी' म्हणजे किती ते कुठेच लिहिलेलं नाही. सेकंद दिलेले नाहीत. रेफरीच फेअर-अनफेअरचा एकमेव न्यायाधीश, असं नियमच सांगतो, आणि ते ऐकायला मोठं वाटतं पण प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा की हजार माणसांनी भरलेल्या हॉलमध्ये, टीव्हीवर लाइव्ह, माझ्या एकट्याच्या अंदाजावर मी एका माजी वर्ल्ड चॅम्पियनला सांगायचं की तू नियम मोडतोयस.

दुसरी अडचण इतिहासाची. क्रूसिबलवर हळू खेळणं ही बदनामी कधीच नव्हती. १९८३ मध्ये क्लिफ थॉर्बर्न आणि टेरी ग्रिफिथ्सची मॅच पहाटे ३ वाजून ५१ मिनिटांनी संपली होती, आणि त्याच मॅचमध्ये थॉर्बर्नने क्रूसिबलवरचा पहिला १४७ मारला. थॉर्बर्नला लोक ग्राइंडर म्हणायचे आणि प्रेमाने म्हणायचे. दळत राहायचं, समोरच्याला दमवायचं, हे पण स्नूकरच आहे आणि मला ते बघायला मनापासून आवडतं. सेफ्टीच्या लढाईत, म्हणजे पॉट करायला न जाता समोरच्याला सोपा शॉट मिळू नये असं खेळताना, एखादा दोन मिनिटं विचार करत उभा राहिला तर मी खुर्चीवरून हलत नाही.

तिसरं, एब्डन लाल-हिरव्या बाबतीत रंगांध आहे. लाल बॉलच्या घोळक्यात ब्राउन अडकला तर त्याला खात्री करून घ्यावी लागते, कधी रेफरीला विचारावं लागतं. त्या ब्रेकमध्ये यामुळे वेळ गेला असं माझं म्हणणं नाही, पण ज्या रेफरींना हे माहीत होतं ते त्याला टेबलाभोवती जास्त वेळ फिरायला सवलत देणारच, आणि माणुसकीच्या दृष्टीने ते बरोबरच आहे.

आणि चौथी अडचण मला सगळ्यात मोठी वाटते, शिक्षेचा आकार. वॉर्निंग दिली म्हणजे पुढच्या वेळी फ्रेम द्यायची तयारी ठेवायला हवी, नाहीतर वॉर्निंगला काही अर्थ उरत नाही. आणि वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या क्वार्टर फायनलमध्ये, १३-११ ला संपणाऱ्या मॅचमध्ये, बॉल पॉट न करता एक फ्रेम कोणाच्या तरी खिशात घालायची, हे कोण करेल? मॅचचा निकाल खेळाडूऐवजी रेफरीने लावला असंच म्हटलं जाईल. शिक्षा इतकी जड आहे की ती उचलायला हात धजत नाही, आणि हात धजत नाही म्हणून नियम कागदावर राहतो.

इथे पूलचं उदाहरण घ्यावंच लागतं कारण पूलवाल्यांनी याच दुखण्यावर वेगळा इलाज लिहून ठेवलाय. वर्ल्ड पूल-बिलियर्ड असोसिएशनच्या नियमांमध्ये स्लो प्ले म्हणून स्वतंत्र नियमच आहे. रेफरीला वाटलं एखादा फार हळू खेळतोय तर तो आधी त्याला नुसतं सांगू शकतो की जरा वेग वाढव. नाही वाढवला तर रेफरी मॅचला शॉट क्लॉक, म्हणजे प्रत्येक शॉटला ठरावीक वेळ, लावू शकतो, आणि तो क्लॉक दोघांना लागू होतो, एकट्याला नाही. त्यानंतर कोणी वेळ ओलांडला तर साधा स्टँडर्ड फाउल, म्हणजे समोरच्याला बॉल इन हँड, पांढरा बॉल हवा तिथे ठेवून खेळायची मुभा. पूलच्या नाइन बॉल प्रकारात बॉल इन हँड म्हणजे बऱ्याचदा रॅक (पूलमधला एक डाव) गेलाच समजा, शिक्षा हलकी नाही, पण ती खेळाच्या आतली शिक्षा आहे. स्क्रॅच झाला, म्हणजे पांढरा बॉल पॉकेटात गेला, तर जे होतं तेच होतं. कोणाला अपमान वाटत नाही. रेफरीला पण कोणाच्या डोक्यात शिरून हेतू शोधायला लागत नाही, घड्याळ दाखवतं.

मोसकोनी कपसारख्या पूलच्या मोठ्या स्पर्धांमध्ये तर पहिल्यापासूनच शॉटला ३० सेकंद आणि रॅकमागे एक एक्स्टेन्शन (वाढीव वेळ) असतं, खेळाडू एक्स्टेन्शन म्हणतो, रेफरी देतो, विषय संपला. आपल्याकडे कबड्डी बघणाऱ्याला हे समजावून सांगायलाच नको. रेडरला ३० सेकंद, त्यात तो नाचू दे नाहीतर लाइनवर उभा राहू दे, वेळ संपला की रेड संपली, पंच कधी विचारत बसत नाही की तू मुद्दाम वेळ काढत होतास का.

आता कोणी म्हणेल मग क्रूसिबलवर पण ३० सेकंदांचं घड्याळ लावा. नको. मी त्याच्या विरुद्ध आहे आणि ठाम विरुद्ध आहे. स्नूकर शूटआउट नावाच्या झटपट स्पर्धेत दहा मिनिटांची फ्रेम, पहिल्या पाच मिनिटांत शॉटला १५ सेकंद आणि नंतर १०, हे वर्षातून एकदा बघायला मजा येते, पण १२ बाय ६ च्या टेबलावर बावीस बॉल असताना स्नूकरमधून (मारायच्या बॉलसमोर दुसरा बॉल आडवा आला की होणाऱ्या कोंडीतून) सुटायचा रस्ता शोधायला माणसाला वेळ लागतोच, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालत जाऊन बघायलाच पंधरा सेकंद जातात. घड्याळ कायमचं लावलं तर थॉर्बर्नसारखा खेळ जन्मालाच येणार नाही. पूलच्या नियमातली मला आवडलेली गोष्ट घड्याळ नाहीच, मला आवडते ती मधली पायरी. आधी हळूच सांगणं, मग गरज पडली तरच घड्याळ, मग फाउल. स्नूकरच्या रेफरीकडे २००५ मध्ये नियमाने दिलेली अशी मधली पायरी नव्हती. एकतर गप्प बसा नाहीतर फ्रेम जाण्याची धमकी द्या.

तरीपण, हे सगळं समजून घेऊनही, माझं मत असं आहे की त्या १२ च्या ब्रेकच्या वेळी रेफरीने बोलायला हवं होतं. ब्रेक चालू असताना नाही, कारण वाकलेल्या माणसाला मध्येच थांबवलं तर तो पण एक हस्तक्षेप. ब्रेक संपला, एब्डन खुर्चीकडे वळला, तेव्हा जवळ जाऊन दोन वाक्यं, शांतपणे. प्रेक्षकांना ऐकू जायची पण गरज नव्हती. नियमात वॉर्निंग मोठ्याने ओरडून द्या असं कुठे लिहिलेलं नाही. आणि रॉनीने प्रेक्षकाला वेळ विचारली तेव्हा त्यालाही सांगायला हवं होतं की तक्रार असेल तर माझ्याकडे कर, प्रेक्षकांशी बोलू नकोस, कारण समोरचा शॉटवर असताना हॉलमध्ये हशा पिकवणं हे पण समोरच्याला त्रास देणंच आहे. ही बाजू रॉनीचे चाहते सोडून देतात. मी पण रॉनीचा चाहता आहे, पण सोडून देता येणार नाही.

वॉर्निंग दिली असती तर रॉनी जिंकला असता का, असं विचारणारे खूप भेटतात. मला तसं वाटत नाही. ७-१ असं सेशन नुसत्या वेळकाढूपणाने जात नाही, रॉनीला चान्स मिळाले ते त्याने घेतले नाहीत, तो मनाने त्या खुर्चीतून केव्हाच उठून गेला होता. एब्डनने मॅच जिंकली ती टिकून राहून, ८-२ मागे असताना माणसं मनातल्या मनात हॉटेलचं बिल भरून मोकळी होतात, तो नाही झाला. ते श्रेय त्याचंच आहे.

आणि म्हणूनच मला वाटतं की रेफरीच्या गप्प बसण्याने सगळ्यात जास्त नुकसान झालं असेल तर ते एब्डनचं. रॉनी एक मॅच हरला, पुढे २००८, २०१२, २०१३, २०२० आणि २०२२ असे अजून पाच वर्ल्ड टायटल घेऊन मोकळा झाला. एब्डनवर मात्र एक आरोप कायमचा राहिला ज्याची सुनावणीच झाली नाही. रेफरीने एकदा सांगितलं असतं आणि त्याने वेग वाढवून तरीही १३-११ मारली असती, तर कोणाला बोलायला जागा राहिली नसती. वॉर्निंग न देऊन रेफरीने त्याला वाचवलं असं वरवर दिसतं, पण नियम मैदानावर लागला नाही की तो मग पेपरात लागतो, आणि तिथे अपील नसतं.

पुढे काय झालं ते थोडक्यात. एब्डन सेमीफायनलला शॉन मर्फीकडून १७-१२ हरला. मर्फी तेव्हा बावीस वर्षांचा, क्वालिफायर म्हणून आलेला, त्याने फायनलमध्ये मॅथ्यू स्टीव्हन्सला १८-१६ हरवून टायटल घेतलं. पुढच्या वर्षी २००६ ला एब्डन परत फायनलमध्ये, डॉटविरुद्ध, आणि ती फायनल मध्यरात्र उलटल्यावर संपली, त्यात एक फ्रेम ७४ मिनिटांची. हरला, १८-१४. परत तीच हळू खेळण्याची चर्चा. २०२२ मध्ये मार्क सेल्बी आणि यान बिंगताओची एक फ्रेम ८५ मिनिटं चालली, तेव्हाचा क्रूसिबलचा रेकॉर्ड, पण त्या वेळी एवढी आग लागली नाही, कारण तिथे दोघंही सेफ्टीत अडकले होते, खुर्चीत बसून कोणी एकटा जळत नव्हता. म्हणजे मिनिटं जास्त असून वाद कमी! लोकांना खटकतो तो नुसता वेळ नाही, एकाचा वेळ दुसऱ्याच्या डोक्यावर खर्च होतोय असं दिसणं खटकतं, आणि ते दिसायला लागलं की रेफरीने पुढे यायला हवं.

हे मी एवढ्या जोरात का बोलतोय ते पण सांगतो. आमच्या क्लबच्या एका छोट्या टूर्नामेंटला मला रेफरी म्हणून उभं केलं होतं, मार्कर (क्लबमध्ये स्कोर ठेवणारा माणूस) सुट्टीवर होता आणि मला नियम पाठ आहेत हे सगळ्यांना माहीत. एक काका होते, वयाने मोठे, अतिशय सज्जन, आणि प्रत्येक शॉटला चॉक लावून, टेबलाची पूर्ण फेरी मारून, वाकून, परत उठून. समोरचा कॉलेजचा मुलगा. तो माझ्याकडे बघायचा, मी टेबलाकडे बघायचो. मनात सारखं हेच की काकांना कसं सांगणार, त्यांना वाईट वाटेल, आणि नक्की किती सेकंद म्हणजे जास्त. बोललो नाही. मुलगा चिडला, दोन सोपे ब्लॅक सोडले, हरला, आणि कोणाशी हात न मिळवता क्यू पॅक करून निघून गेला. नंतर बाहेर चहाच्या टपरीवर सगळे काकांबद्दल नको ते बोलत होते आणि काका तिथेच उभे होते. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, अरे, मला एकदा सांगायचं ना, मला खरंच कळलं नाही, मी लवकर खेळलो असतो.

त्यानंतर जेव्हा जेव्हा रेफरी म्हणून उभा राहिलोय तेव्हा टॉसच्या आधी दोघांनाही एकत्र उभं करून सांगतो, मला वेळ जास्त वाटला तर मी येऊन सांगणार, सांगितलं म्हणजे आरोप केला असं समजायचं नाही, आणि दुसऱ्यांदा सांगायला लागलं तर दोघांनाही फोनवर टायमर लावणार. आत्तापर्यंत टायमर दोनदा लावलाय. काका अजून खेळायला येतात.